विझलेला दिवा आणि गावची शाळा

(केंद्रातील शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवा लावणे हे मंगल कार्य, अशी भावना या देशात पूर्वापार चालत आलेली आहे. दिवा ‘विझवला’ असे म्हणू नये, ‘शांत केला’ असे म्हणावे, हे वळण जुन्या घरांतून मुलांना लहानपणीच लावले जाई. परंतु जो दिवा एकदा कायमचा विझला, त्याचे पुढे काय करावयाचे, याविषयी त्या रीतिभातीत काही सांगितलेले आढळत नाही. त्याचे कारण उघड आहे. पणती फुटली तर मातीची माती होई. समई पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे. कंदिलाची काच तडकली तर ती उकिरड्यावर जाई, आणि कोणाच्या पायात रुतली तर रुते. याहून अधिक उपद्रव तिच्यापासून नसे. विजेचा पिवळ्या प्रकाशाचा जुना बल्ब आला, त्यातही पातळ काच आणि बारीक तंतू यांखेरीज भिण्यासारखे काही नव्हते. मात्र त्यानंतर जे दिवे घरोघर आले, त्यांचा प्रकार निराळा आहे. ते जळत असताना निरुपद्रवी असतात. त्यांची खरी काळजी विझल्यानंतर घ्यावी लागते.

हे दिवे म्हणजे लांब ट्यूब आणि सीएफएल. साठ वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा सीएफएल सुमारे पंधरा वॅटमध्ये देतो. विजेची ही बचत मोठी असल्यामुळे केंद्र सरकारने २००९ साली ‘बचत लॅम्प योजना’ सुरू केली. पुढे ५ जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखाली एलईडी दिवे स्वस्तात मिळू लागले, आणि तोच उजेड नऊ वॅटमध्ये पडू लागला. सीएफएल हळूहळू होल्डरमधून उतरले. परंतु होल्डरमधून उतरले म्हणजे घरातून गेले असे नव्हे. कोकणातला माणूस काटकसरी; ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून त्याने ते माळ्यावर, पडवीच्या कोनाड्यात, नाहीतर मांगरातल्या जुन्या टोपलीत ठेवून दिले. अनेक शाळांतही कपाटाच्या मागे भिंतीला टेकलेल्या दोन-चार काळवंडलेल्या ट्यूब उभ्या असलेल्या दिसतील. आज सांगावयाचे आहे ते या दिव्यांविषयी.

या दिव्यांत पारा असतो. विजेचा प्रवाह नळीतील पाऱ्याच्या वाफेतून गेला म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निर्माण होतात. नळीच्या आतून जो पांढऱ्या पुडीचा थर दिलेला असतो, त्याच्यावर ते किरण पडले की ती पूड उजळते आणि पांढरा प्रकाश बाहेर येतो. पाऱ्यावाचून हा दिवा पेटतच नाही. पुष्कळांना वाटते की पारा असेल तर त्याचा चकाकणारा थेंब दिसावयास हवा. तसे होत नाही. तो बव्हंशी त्या पांढऱ्या पुडीत मुरलेला असतो आणि दिवा फुटताच काही अंश वाफेच्या रूपाने हवेत मिसळतो. या वाफेला रंग नाही आणि वासही नाही.

येथे प्रमाणाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. एका सीएफएलमध्ये साधारणतः तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या जाड ट्यूबमध्ये तो याहून अधिक असतो. ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या नळीत सुमारे पाचशे मिलिग्रॅम, म्हणजे शंभर दिव्यांइतका पारा असे. तेव्हा एक दिवा फुटला म्हणून घर सोडून पळण्याचे कारण नाही. शिक्षकाने मुलांच्या मनात भय घालू नये. परंतु पारा नाहीसा होत नाही, कुजत नाही, जळून संपत नाही. वाफ होऊन वर गेला तरी पावसाबरोबर तो पुन्हा खाली येतो. थेंबाथेंबाने साचणाऱ्या गोष्टीचा हिशेब एका थेंबावरून करावयाचा नसतो.

मालवणच्या किनाऱ्यावरील खेड्यात निकामी दिवा कोठे जातो, हे आता पाहू. त्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट गडग्यापलीकडची. घरातला केर गडग्यापलीकडे किंवा व्हाळाच्या काठी टाकण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. पावसाळ्यात व्हाळ भरून वाहू लागला की काठावरचे सारे खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र, देवबाग-तारकर्लीकडची जमीन तर निव्वळ वाळूची. विहीर आणि उकिरडा यांत कित्येक ठिकाणी माडांची एखादी ओळ तेवढी आडवी असते. चहूबाजूंनी खारे पाणी असता सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे गोडे पाणी साडेतीन शतके माणसांना उपयोगी पडले. गोड्या पाण्याचे मोल या किनाऱ्याला नव्याने शिकविण्याची आवश्यकता नसावी.

दुसरी वाट आगीची. अंगणातला पातेरा गोळा करून जाळताना घरातला केरही त्यावर लोटला जातो. तरव्याच्या जमिनीची भाजावळ करतानाही असेच घडते. त्यात एखादा सीएफएल असला तर उष्णतेने त्यातील पारा तत्काळ वाफ होऊन उडतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या, बहुधा घरातल्या स्त्रीच्या, श्वासात जातो.

तिसरी वाट मुलांच्या हातांतून जाते. लांब ट्यूब दगडावर आपटली की फटाक्यासारखा आवाज होतो, हे मुलांना चांगले ठाऊक असते. पतंगाच्या मांजासाठी ट्यूबची काच कुटण्याची रीतही ठिकठिकाणी आहे. फुटताना उडालेली पूड कुटणाऱ्याच्या तोंडासमोरच असते, आणि कुटणारे मूल दहा-बारा वर्षांचे असते.

चौथी वाट भंगाराची. काच आणि तांब्याचे चार पैसे मिळतात म्हणून दिवे भंगारवाल्याकडे जातात. तो ते हाताने फोडतो. पारा लागलेली काच भंगारात गेली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण तमिळनाडूत घडलेले आहे. कोडाइकनाल येथे तापमापकांचा एक कारखाना होता. २००१ साली तेथील पारायुक्त फुटकी काच, सात टनांहून अधिक, वस्तीतल्या एका भंगारवाल्याच्या आवारात सापडली. कारखाना बंद झाला, आणि २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा पारा काढून घेण्यासाठी जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला. ती काच विकताना कोणालाही ती नेहमीच्या काचेहून निराळी दिसली नसेल. धोका ओळखता न येणे हाच या धोक्याचा विशेष आहे.

या चारही वाटांनी गेलेल्या पाऱ्यापैकी काही अंश अखेर पाण्याला मिळतो. खाडीच्या गाळातील सूक्ष्म जंतू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पदार्थ प्राण्यांच्या शरीरात जातो, पण सहजासहजी बाहेर पडत नाही. पाण्यातील सूक्ष्म जीव पेडवे खातात, पेडव्यांना सुरमई खाते, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता उपसागराच्या काठी हेच घडले. एप्रिल १९५६ मध्ये तेथील एका पाच वर्षांच्या मुलीला चालणे आणि बोलणे अवघड झाले म्हणून रुग्णालयात आणण्यात आले. १ मे १९५६ रोजी या अज्ञात रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याआधीच गावातील मांजरे झटके येऊन नाचल्यासारखी फिरत आणि मरत, असे कोळी सांगत होते. तेथील रसायनांच्या कारखान्याचे पाऱ्याने दूषित झालेले सांडपाणी उपसागरात सोडले जात होते, आणि ते १९६८ पर्यंत सोडले जात राहिले. दोन हजारांहून अधिक माणसांची रुग्ण म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मातांच्या पोटी जन्मतः व्याधिग्रस्त मुले आली.

मिनामाताला जे घडले ते टनावारी पाऱ्याने घडले, घरगुती दिव्यांनी नव्हे. मासे खाणे सोडावे असाही त्याचा अर्थ नाही. मासळी हा या किनाऱ्याचा आहार आहे आणि उपजीविकाही आहे. अर्थ एवढाच की ज्या गावाची चूल समुद्रावर पेटते, त्या गावाने समुद्रात काय जाते याचा हिशेब इतरांहून अधिक काटेकोरपणे ठेवला पाहिजे. मालवणजवळचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, हेही स्मरणात असावे.

जगाने या प्रश्नाची दखल घेतली आहे. पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली जपानमध्येच झाला आणि त्याला मिनामाताचेच नाव देण्यात आले. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. या कराराखाली २०२३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत ट्यूब आणि सीएफएल यांचे उत्पादन व आयात-निर्यात टप्प्याटप्प्याने २०२७ अखेरपर्यंत थांबविण्याचे ठरले. देशात २०१६ सालच्या ई-कचरा नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश करण्यात आला. त्या नियमांची जागा घेणारे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. अधिकृत कारखान्यात हे दिवे बंद यंत्रात फोडले जातात, हवा शोषून घेतली जाते, काच, धातूची टोपणे आणि पांढरी पूड वेगवेगळी केली जातात. पूड तापवून तिच्यातील पारा वाफेच्या रूपाने काढून थंड करतात, आणि तो पुन्हा उपयोगात आणता येतो. म्हणजे विद्या आहे, यंत्र आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती मांगरातल्या टोपलीपासून त्या यंत्रापर्यंतच्या वाटेची.

ती वाट काढता येते, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ नंतर, तत्कालीन मुख्याधिकारी श्री. रामदास कोकरे यांच्या काळात, शहरातील कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करण्यास आरंभ केला. जेथे पूर्वी दुर्गंधी होती त्या कचरा डेपोचे असे रूप पालटले की लोक तो पाहावयास येऊ लागले. या कामाचा खरा पाया मात्र घराघरांत घातला गेला. कचरा एकत्र झाल्यावर निवडणे जवळजवळ अशक्य असते. तो निर्माण होतो तेथेच निराळा ठेवणे अगदी सोपे असते. दिव्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण फुटलेला दिवा कोणालाच निवडून काढता येत नाही.

आता शाळेने काय करावे? वाडीवाडीला दवाखाना नाही, पण शाळा बहुतेक ठिकाणी आहे, आणि शिक्षकाच्या शब्दाला अजून वजन आहे. म्हणून हे काम शाळेकडे येणे साहजिक आहे. परंतु येथेच एक सावधगिरीची सूचना सर्वांत आधी द्यावी लागेल. कोणतीही मोहीम हाती घेतली म्हणजे ‘प्रत्येक विद्यार्थ्याने दोन-दोन नग आणावेत’ असे सांगण्याचा मोह होतो. अहवालात आकडा मोठा दिसतो आणि मुलांनाही उत्साह वाटतो. या कामात हा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. दप्तरात घातलेला सीएफएल वाटेवरच्या पहिल्याच गडग्यावरून उडी मारताना फुटेल, आणि पाठ्यपुस्तके, डबा व मुलाचे कपडे यांत ती पूड मिसळेल. ज्यांना पाऱ्यापासून वाचवावयाचे त्यांच्याच हातांत पारा देणे हा उपक्रम नव्हे. मुलाने घरी निरोप न्यावा. दिवा मोठ्या माणसाने आणावा. तो शिक्षकाने स्वतः उतरवून घ्यावा. एकही दिवा मुलाच्या हातून न येता वर्षभरात दहाच दिवे जमा झाले, तरी ते काम उत्तम झाले असे समजावे.

दिवे गोळा करण्यास दोन हंगाम योग्य आहेत. गणेशचतुर्थीपूर्वी कोकणातले प्रत्येक घर झाडले-सारवले जाते आणि मुंबईची माणसे गावी येतात. दिवाळीपूर्वीही माळे साफ होतात. या सुमारास पालकसभा घेऊन दिवे आणण्याचा एक दिवस ठरवावा. दिवा ओळखण्याची खूण पालकांना सांगावी: वळसे दिलेली किंवा इंग्रजी ‘यू’सारखी वाकविलेली पांढरी काचनळी असेल तर तो सीएफएल. साध्या पिवळ्या बल्बमध्ये पारा नसतो. एलईडीमध्येही नसतो, तथापि तोही ई-कचराच आहे. त्याचा खोका निराळा ठेवावा.

जमा झालेले दिवे जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येक दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये पेंढा भरून ठेवावेत. लांब ट्यूब पाण्याच्या जाड प्लास्टिक पाइपच्या तुकड्यात सरकवून दोन्ही तोंडे बंद केली तर फुटण्याचे भय उरत नाही. खोक्यावर ‘पारायुक्त दिवे’ असे लिहून नगांची संख्या व तारीख घालावी. खोका वर्गात, अंगणवाडीत किंवा पोषण आहार शिजतो तेथे ठेवू नये. कुलूपबंद खोलीत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. अखंड दिव्यातून पारा बाहेर येत नाही. म्हणून खोका काही महिने राहिला तरी हानी नाही.

खोका भरल्यावर मुख्याध्यापकाने ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. पंचायतीजवळ रस्त्यावरील निकामी ट्यूबही असतात. शाळेचे आणि पंचायतीचे दिवे एकत्र केले तर एका गाडीचे ओझे होते. पंचायतीने पंचायत समितीमार्फत किंवा जवळच्या नगरपरिषदेमार्फत ते अधिकृत संकलकाकडे पोहोचवावेत, आणि पोच घ्यावी. भंगारवाल्यास ते कोणत्याही भावाने देऊ नयेत. पोच मिळेपर्यंत शाळेचे काम पुरे झाले असे मानू नये. यास विलंब लागेल, पुन्हा पुन्हा पत्रे लिहावी लागतील. कंटाळून खोका खड्ड्यात पुरणे म्हणजे सर्वांचा विश्वास पुरणे होय. ज्या आईने आपल्या घरातला दिवा जपून शाळेत आणून दिला, ती पुन्हा आणणार नाही.

दिवा फुटलाच तर काय करावे, हे प्रत्येक शाळेत लिहून लावावे:

(१) मुलांना व गरोदर स्त्रियांना खोलीबाहेर न्यावे. पंखा बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सुमारे पंधरा मिनिटे आत जाऊ नये.

(२) केरसुणी किंवा झाडू वापरू नये. त्याने पूड पसरते आणि झाडूलाही लागते.

(३) हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून दोन पुठ्ठ्यांच्या तुकड्यांनी काच व पूड गोळा करावी. उरलेले कण चिकटपट्टीने आणि शेवटी ओल्या कागदाने टिपून घ्यावेत.

(४) काच, पुठ्ठे, कागद, पिशव्या हे सर्व झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे. बरणीवर नाव लिहून ती खोक्याबरोबरच पाठवावी. पुसलेले फडके विहिरीवर किंवा व्हाळात धुऊ नये.

(५) हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

वर्गातील पाठासाठी दिवा फोडून दाखविण्याची किंवा पारा हातात देण्याची मुळीच गरज नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला चिंचोक्यांचा एक खेळ पुरेसा आहे. जमिनीवर शंभर ठिकाणी एकेक चिंचोका ठेवावा. हे पाण्यातले सूक्ष्म जीव. दहा मुलांनी पेडवे व्हावे आणि प्रत्येकाने दहा-दहा चिंचोके उचलावेत. मग एका मुलाने सुरमई होऊन दहाही पेडव्यांचे चिंचोके घ्यावेत. पेडव्याजवळ दहा होते, सुरमईजवळ शंभर झाले. एकही चिंचोका जिरला नाही. मुलांना आणखी काही सांगावे लागणार नाही. त्यानंतर घरी किती व कोणते दिवे आहेत याची नोंद, हात न लावता, नुसती पाहून करून आणण्यास सांगावी. गणिताचा तास त्यातून सहज साधतो: घरातले, वाडीतले, गावातले दिवे किती, आणि प्रत्येकी चार मिलिग्रॅमप्रमाणे पारा किती.

शिक्षकावर कामांचा भार कमी नाही, आणि त्यात आणखी एक भर पडली असे कोणास वाटले तर ते अस्वाभाविक नाही. परंतु या कामाचा एक विशेष आहे. साक्षरतेचे काम संपत नाही. स्वच्छतेचे संपत नाही. प्रत्येक नव्या पिढीबरोबर ते नव्याने करावे लागते. पारायुक्त दिव्यांचे तसे नाही. नवे दिवे तयार होणे थांबत आले आहे. घरांत, मांगरांत आणि शाळांच्या कपाटांमागे जे उरले आहेत तेवढेच शेवटचे. ते अखंड उचलले गेले तर हा प्रश्न या किनाऱ्यापुरता कायमचा मिटेल. ते व्हाळात गेले तर त्यांना परत बोलावता येणार नाही. सुरुवात दूर कोठे करावयाची नाही. ज्या शाळेच्या कपाटामागे निकामी ट्यूब उभ्या आहेत, त्या शाळेने पहिला खोका त्यांच्याचसाठी तयार करावा.